बडोद्याहून चार दिवस: पाण्यात पावलं दिसतील असा निवांत वाळूचा किनारा सुचवा

दांडियाबाजारची | 9 नोव्हेंबर, रात्री 9:50

मंडळी, नमस्कार. आई या पौषात पंचाहत्तरीची होतेय. तिचं माहेर बडोदा, सासरही बडोदा. समुद्र म्हणजे तिच्या लेखी डुमस आणि दांडी, आणि दोन्हीकडे पाणी चहाच्या रंगाचं. परवा नातीच्या पुस्तकात निळ्या समुद्राचं चित्र बघून म्हणाली, "असं पाणी खरंच असतं का गं? मला एकदा पाण्यात उभं राहून माझी पावलं बघायचीत." एवढंच बोलली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी मात्र तेव्हापासून नकाशा उघडून बसलेय.

हातात चार दिवस, डिसेंबरचा पहिला पंधरवडा. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती चालते, पायऱ्या नकोत. मुलगी नऊ वर्षांची. उंट, बोटीवरचे खेळ, मोठ्यानं लावलेली गाणी यांपैकी काही नको. वाळू हवी, पाणी स्वच्छ हवं, माणसं कमी हवीत. सौराष्ट्र की कोकण?

---

रावपुरेकर | 9 नोव्हेंबर, रात्री 10:12

दीव. घोघला बीच. लांबलचक, सपाट, वाळू बारीक. नागवा बीचला फक्त ती फांद्या फुटलेली होक्याची झाडं बघायला जा, बसायला घोघल्यालाच या.

---

निळीशाई | 9 नोव्हेंबर, रात्री 10:31

रावपुरेकर, घोघला चांगलाच आहे, पण शनिवार-रविवारी दीवला अर्धा गुजरात उतरलेला असतो, आणि कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा सकाळी सातला किनारा स्वर्ग होता आणि दुपारी चारला बाटल्या चुकवत चालत होतो. आईंना घेऊन जायचं तर सोमवार ते गुरुवार जा.

अंतरही बघा. बडोदा-दीव गाडीनं चारशे किलोमीटरच्या वर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला एका दमात बसवत नाही.

---

मकरपुरा_लोकल | 9 नोव्हेंबर, रात्री 11:05

अंतराचा प्रश्न रेल्वे सोडवते. सौराष्ट्र मेल मुंबईहून निघते, मध्यरात्रीनंतर बडोद्याला येते, अहमदाबाद-राजकोट-जामनगर करत दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारकेला पोचवते. आई झोपेतच निम्मा रस्ता पार करतील. द्वारकेपासून 12 किलोमीटरवर शिवराजपूर. 2020 साली देशातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्यांचं मानांकन मिळालं, त्यांत शिवराजपूर आणि दीवचा घोघला हे दोन्ही होते. म्हणजे पाण्याची तपासणी, जीवरक्षक, स्वच्छतागृह, कपडे बदलायची सोय, असल्या 33 अटी आहेत.

कोकणात जायचं तर ओखा-एर्नाकुलम आणि हापा-मडगाव बडोद्यावरून जातात, रत्नागिरीला उतरता येतं. पण त्या रोजच्या गाड्या नाहीत, आणि तिकिटं अगोदर संपतात.

---

पाणीगेट_पराग | 10 नोव्हेंबर, सकाळी 8:20

मांडवीला जा ना.

---

रावपुरेकर | 10 नोव्हेंबर, सकाळी 8:41

पराग, आपल्या बडोद्यातल्या मांडवीला तर ताई रोज भाजी आणायला जात असतील. 😀 कच्छची मांडवी म्हण!

---

पाणीगेट_पराग | 10 नोव्हेंबर, सकाळी 8:44

हो हो, कच्छची! लाकडी जहाजं बांधतात ती. लांब आहे, पण मुलीला जहाजाचा सांगाडा बघून आनंद होईल. पाणी बरं आहे, काचेसारखं नाही.

---

भूगर्भकाका | 10 नोव्हेंबर, सकाळी 10:15

मी नोकरीभर भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल. पण "पावलं दिसली पाहिजेत" ही अट मला फार आवडली. आमच्या शास्त्रातसुद्धा पाण्याची पारदर्शकता मोजायला पांढरी तबकडी पाण्यात सोडतात आणि ती कुठवर दिसते ते बघतात. तुमच्या आईंनी तबकडीऐवजी पावलं घेतली.

डुमस-दांडीचं पाणी गढूळ आहे ते घाणीमुळेच असं समजू नका. साबरमती, मही, नर्मदा, तापी या चारही नद्या खंभातच्या आखातात गाळ आणून टाकतात. आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी दाटून उंच चढतं. भावनगरकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत 10 मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं नि दोनदा बाहेर जातं, गाळाला खाली बसायला उसंतच मिळत नाही. दहेज-घोघा फेरी बोट बंद पडली त्यामागेही दहेजकडे साठणारा गाळच होता.

सौराष्ट्राचा दक्षिण-पश्चिम किनारा वेगळा. तिथं मोठी नदी नाही. खडक चुन्याचा, ज्याला आपण पोरबंदरी दगड म्हणतो तो. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींना तो लावलेला आहे. भिंगातून बघितला तर त्यात शंखशिंपल्यांचे बारीक कण दिसतात. वाळूही बऱ्याच अंशी त्याच जातीची, फिकट रंगाची. तळ फिकट असला की पाणी निळं-हिरवं दिसतं.

आता एक अडचण. बारीक वाळूचा किनारा सपाट असतो, लाटा लांब फुटतात, म्हातारी माणसं आणि मुलं यांना तो सोयीचा. पण बारीक कण पायानं हलले की लवकर खाली बसत नाहीत. जाड वाळूच्या किनाऱ्यावर पाणी स्वच्छ दिसतं, पण उतार एकदम असतो. माधवपूरला मी हे अनुभवलंय: चार पावलं टाकली की कमरेइतकं पाणी, आणि लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. किनारा अप्रतिम आहे, पण तुमच्या आईंनी तिथं पाण्यात उतरू नये.

---

निळीशाई | 10 नोव्हेंबर, सकाळी 10:52

काका, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. लहानपणापासून मी दांडीला गेले की नाक मुरडायचे.

---

पुळण | 10 नोव्हेंबर, दुपारी 1:30

मी बडोद्यात नोकरीला, मूळ गाव गुहागर तालुक्यात. आमच्याकडे वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात, म्हणून हे नाव घेतलंय. कोकणाची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

गुहागरची पुळण जवळजवळ सहा किलोमीटर, मागं सुरूचं बन आणि नारळीपोफळी, आणि गाव किनाऱ्याला चिकटून. आईंना घरातून उठून पाण्याशी जाता येईल. आंजर्ले, केळशी, वेळास हेही निवांत. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, नऊ वर्षांच्या मुलीला ते दाखवाच कधीतरी. खाली सिंधुदुर्गात गेलात तर तारकर्ली, भोगवे, निवती. तिकडचं पाणी उत्तर कोकणापेक्षा उजवं, हे मी गुहागरचा असूनही मान्य करतो.

पण खरं सांगायचं तर चार दिवसांत बडोद्याहून कोकण म्हणजे दोन दिवस प्रवासातच. आणि कोकणातही पावसाळ्यानंतर नद्यांचा गढूळपणा खाली बसायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. होळीनंतर वारा वाढतो आणि पाणी ढवळतं.

एक जुनी युक्ती: किनाऱ्यावर खुर्ची नेणार असाल तर तिच्याखाली ठेवायला लाकडी पाट न्या. आमची आजी तसंच करायची.

---

वडवाला | 10 नोव्हेंबर, दुपारी 3:05

माझं मत कटू वाटेल, पण लिहितो. खरोखर निर्जन किनाऱ्यांची नावं अशी उघड लिहू नका. सौराष्ट्रात एका किनाऱ्यावर मी 2012 पासून जातोय. तेव्हा दिवसभरात दोन मच्छीमार आणि एक कुत्रा. मग कुणीतरी व्हिडिओ टाकला. आता भरतीच्या रेषेवर चिप्सची पाकिटं आणि गाड्यांच्या चाकोऱ्या. कासवं जिथं अंडी घालायची त्या वाळूवरून लोक गाड्या फिरवतात. मी नाव सांगणार नाही, माफ करा.

---

पुळण | 10 नोव्हेंबर, दुपारी 3:40

वडवाला, तुमचं दुःख कळतं. पण "निर्जन" किनारा म्हणजे निर्जन गाव नव्हे. तिथं माणसं राहतात. आमच्या वाडीत दहा घरांनी पाहुण्यांसाठी दोन-दोन खोल्या काढल्या, म्हणून तीन मुलं मुंबईला न जाता घरी राहिली. नाव लपवून त्यांचं पोट भरत नाही. नाव सांगा, आणि त्याबरोबर हेही सांगा की गावातल्या घरी उतरा, गाडी वाळूवर नेऊ नका, कचरा परत न्या.

---

वडवाला | 10 नोव्हेंबर, दुपारी 4:02

गावातल्या घरी उतरणारे पाहुणे आले असते तर मीही आनंदानं नाव सांगितलं असतं. मी पाहिले ते गाडीतून उतरले, दोन तासांत घाण करून गेले. गावाला त्यांच्याकडून एक कप चहाचे पैसेही मिळाले नाहीत.

---

अलकामावशी | 10 नोव्हेंबर, सायंकाळी 6:25

दोघांचंही बरोबर आहे रे बाळांनो, आता भांडू नका.

मीनाक्षी, रेवती, जी कोण असशील ती, जागा कुठलीही ठरव, पण तिथी बघून जा. माझं माहेर अलिबागजवळ. आमचे वडील कॅलेंडरवरची तिथी बघून भरतीची वेळ सांगायचे. तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. अंदाज असतो, पण चुकत नाही फारसा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी शांत.

---

भूगर्भकाका | 10 नोव्हेंबर, सायंकाळी 7:10

मावशी, तुमच्या वडिलांचा हिशेब पक्का होता. फक्त हा हिशेब मुंबई-कोकणचा. सौराष्ट्रात वेळा सरकतात, तिथं भरतीचा तक्ता बघावा. उधाण-भांग मात्र सगळीकडे त्याच तिथ्यांना. भांगाच्या दिवसांत ओढ कमी, त्यामुळे गाळ कमी उठतो. पावलं दिसायची शक्यता अष्टमीला जास्त!

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारेही आठवा. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, पाण्यावर सुरकुत्या पडतात, तळ दिसत नाही. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं होतं. सूर्य वर आल्यावर आणि खारा वारा सुटायच्या आधी जी दोन-तीन तासांची वेळ मिळते, ती धरा.

---

खंडेराव_मार्केट | 10 नोव्हेंबर, रात्री 9:00

जेवणाचं काय? द्वारकेला मासे मिळतील का? समुद्राकाठी जाऊन थेपलेच खायचे असतील तर मग घरीच बरं.

---

रावपुरेकर | 10 नोव्हेंबर, रात्री 9:08

द्वारका तीर्थक्षेत्र आहे भाऊ, तिथं काठियावाडी थाळी मिळेल: रोटला, रिंगणाचं भरीत, लसणाची चटणी, ताक. मासे दीवला. वेरावळचं बंदर माशांनी भरलेलं असतं, पण माल सगळा बाहेर जातो.

---

दांडियाबाजारची | 10 नोव्हेंबर, रात्री 9:30

आम्ही घरी मासे खात नाही, त्यामुळे तो प्रश्न सुटला. लीलो चेवडो आणि भाकरवडी तर न्यावीच लागेल, आईचा प्रवास त्याशिवाय सुरू होत नाही.

काका, मावशी, पुळण, तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. पाऊणपटीचा हिशेब ऐकून ती बोटं मोजत बसली होती. कोकण मनात भरलंय, पण दोन दिवस प्रवास तिला झेपणार नाही. दीव आणि शिवराजपूर यांत घुटमळतेय. दोन्ही जागा आता गाजलेल्या आहेत, म्हणून "निवांत" ही अट सोडावी लागेल का?

---

समीर_अकोटा | 10 नोव्हेंबर, रात्री 11:48

निवांतपणाबद्दलच लिहायचं होतं. सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र एका निर्मनुष्य किनाऱ्यावर गेलो. जागेचं नाव महत्त्वाचं नाही. पाणी स्वच्छ, गुडघाभर, लाट छोटी. माझा मावसभाऊ पोहण्यात तरबेज, कमाटीबागेच्या पलीकडच्या तलावात रोज तासभर पोहणारा. लाटांच्या मध्ये एक पट्टा शांत दिसत होता, तो तिथूनच आत गेला. नंतर कळलं की शांत दिसणारा पट्टाच ओढीचा असतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जातं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. तो किनाऱ्याकडे सरळ पोहत राहिला आणि मागे मागे जात राहिला. आम्ही ओरडत होतो, ऐकायला कुणी नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती.

एक मच्छीमार जाळं सुकवत लांब बसला होता. तो धावत आला आणि हातानं खुणा करत राहिला: सरळ नको, आडवा ये, किनाऱ्याला समांतर. भाऊ आडवा पोहला, ओढीतून सुटला आणि शंभर-दीडशे मीटर पुढं वाळूला लागला. मच्छीमारानं पैसे घेतले नाहीत. आम्हाला फक्त म्हणाला, "दरियो ओळखीचा नसेल तर आधी विचारायचं."

ताई, तुमच्या घरात एक पंचाहत्तरीची आणि एक नऊ वर्षांची. जीवरक्षक असेल तिथंच जा. निवांतपणा तुम्हाला वेळेतून मिळेल.

---

निळीशाई | 11 नोव्हेंबर, सकाळी 7:15

समीर, वाचताना हात गार पडले. भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

---

पुळण | 11 नोव्हेंबर, सकाळी 7:50

समीरभाऊंनी लिहिलंय ते प्रत्येकानं घरात वाचून दाखवावं. भर एवढीच: उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट बसलेली असली तर चाहूल लागून निघून जाते. पाय थेट तिच्यावर पडला तर शेपटीचा काटा मारते.

---

जुनाबडोदा | 11 नोव्हेंबर, सकाळी 11:20

इतकी चर्चा झाली आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही. द्वारका, बेट, ओखा हा सगळा ओखामंडळ मुलूख गायकवाडांच्या राज्यात होता! 1949 साली बडोदा राज्य मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत तो आपलाच किनारा. ओखा बंदर बडोदा सरकारनं उभारलं. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्रातल्या जीवांची पाहणी करून घेतली गेली आणि तिचा अहवाल छापला गेला. मोती, शिंपले, स्पंज, सगळ्यांची नोंद. राजधानी समुद्रापासून इतक्या लांब, तरी राजाला आपल्या पाण्यात काय जगतं हे जाणून घ्यायचं होतं.

ताई, तुमच्या आई पन्नास-साठ वर्षं म्हणतायत की बडोद्याला चांगला समुद्र नाही. त्यांना सांगा, होता.

---

रावपुरेकर | 11 नोव्हेंबर, सकाळी 11:34

घ्या! मी दीवची बाजू सोडली. शिवराजपूर.

---

मकरपुरा_लोकल | 11 नोव्हेंबर, दुपारी 12:10

आणि द्वारकेहून ओखा जवळच. फेब्रुवारी 2024 मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाल्यापासून बेट द्वारकेला गाडीनं जाता येतं. बोटीत चढ-उतार नको, म्हणजे गुडघ्याचं काम झालं.

---

दांडियाबाजारची | 11 नोव्हेंबर, रात्री 10:05

ठरलं. ओखामंडळची गोष्ट ऐकल्यावर आईनंच निकाल दिला: "आपल्या महाराजांच्या समुद्रावर जाऊ." अष्टमीच्या आगेमागे, आठवड्याच्या मधल्या दिवसांत तिकिटं काढलीत. आल्यावर लिहीन.

---

दांडियाबाजारची | 16 डिसेंबर, रात्री 9:15

काल परत आलो. सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर सांगते.

द्वारकेला दुपारी पोचलो आणि मला राहवेना, चार वाजताच शिवराजपूरला गेलो. चूक झाली. खारा वारा जोरात होता, सहलीच्या दोन बस आलेल्या, पाणी हिरवट पण ढवळलेलं. आई घोटाभर पाण्यात उभी राहिली, खाली वाकून बघितलं, काही दिसेना. म्हणाली, "दांडीपेक्षा बरंच आहे की." मला समजवायला म्हणाली, हे मला कळलं. रात्री झोप लागली नाही. काकांनी सकाळची वेळ लिहिली होती, तरी मी घाई केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच आत होतो. आमच्याशिवाय एक नवराबायको आणि झाडलोट करणारे कर्मचारी, बस्स. वारा नव्हता. जीवरक्षकाला विचारलं, त्यानं कुठं उभं राहायचं ते दाखवलं. लेकीनं आजीचा हात धरला, दोघी पाय घासत घासत गेल्या. नडगीभर पाण्यात थांबल्या. आई खाली बघत राहिली. मग मला हाक मारली, "इकडे ये, माझ्या करंगळीचं वाकडं नख दिसतंय!" ते नख लहानपणी पाटा पडून वाकडं झालंय, आयुष्यभर ती ते लपवत आलीय. त्या दिवशी सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवलं. जीवरक्षकालासुद्धा.

साडेदहापर्यंत वारा सुटला आणि तळ दिसेनासा झाला. पण तोवर दोन तास मिळाले होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हाही सकाळीच. बेट द्वारकेला पुलावरून गेलो.

वडवाला, तुमच्यासाठी: लेकीनं एक पिशवी बरोबर ठेवली होती. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला चालताना ती भरली, आणि पूर्ण भरली याचं मला वाईट वाटलं. तुमचं म्हणणं तिथं पटलं.

---

वडवाला | 16 डिसेंबर, रात्री 9:40

लेकीला माझा नमस्कार सांगा. तुम्हाला माझ्या किनाऱ्याचं नाव व्यक्तिगत निरोपात पाठवतोय. जानेवारीत जा, गावात एका शिक्षकांच्या घरी खोली मिळते.

---

भूगर्भकाका | 16 डिसेंबर, रात्री 10:02

वाकडं नख! माझ्या सगळ्या तबकड्या फिक्या पडल्या.

---

पुळण | 16 डिसेंबर, रात्री 10:20

पाट नेलात का?

---

दांडियाबाजारची | 16 डिसेंबर, रात्री 10:26

नेला. घरातला जेवायचा पाट, गाडीत सगळे विचारत होते पूजा आहे का म्हणून. पहिल्या दिवशी नुसती खुर्ची ठेवली तर मागचे दोन पाय रुतले आणि आई तिरकी झाली. मग पाट खाली घातला आणि ती दोन्ही सकाळी आरामात बसली. खाऱ्या पाण्यानं लाकूड थोडं पांढरं पडलंय, गोड्या पाण्यानं धुऊन तेल लावून ठेवलंय.